आठव्या वर्षी फ्रेंच : इंग्लंडच्या एका योजनेत शिक्षकांचं काय झालं

१९६३च्या मार्चमध्ये ब्रिटनचे शिक्षणमंत्री सर एडवर्ड बॉइल यांनी एक प्रायोगिक योजना जाहीर केली. इंग्लंड आणि वेल्समधल्या निवडक सरकारी प्राथमिक शाळांत आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवायचं ठरलं, आणि ते शिकवणार होते त्यांचे रोजचेच वर्गशिक्षक. सप्टेंबर १९६४ मध्ये पहिली तुकडी वर्गात बसली. १९७४ मध्ये अंतिम मूल्यमापन अहवाल आला आणि त्याने योजना वाढवण्याच्या विरोधात कौल दिला.

लहान वयात परकी भाषा सुरू करावी की नाही, हा वाद जगात कुठेही निघाला की हा अहवाल पुढे येतो. ‘इंग्लंडने दहा वर्षं करून पाहिलं, काही हाती लागलं नाही,’ असं सांगितलं जातं. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय झाला तेव्हाही असे दाखले दिले गेले. शिक्षक-प्रशिक्षणात काम करताना मी हे प्रकरण पुन्हापुन्हा वाचत आलो आहे आणि दर वेळी माझं मत पक्कं होत गेलं. योजनेने प्रश्न विचारला तो मुलांच्या वयाचा, पण कसाला लागली ती शिक्षकांची तयारी. त्या तयारीत काय होतं, काय राहून गेलं आणि कशामुळे ती विरून गेली, हे पाहिल्याशिवाय १९७४च्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

योजना आली कुठून

त्या काळापर्यंत इंग्लंडमध्ये फ्रेंच ही मोजक्यांची भाषा होती. अकराव्या वर्षी परीक्षा व्हायची, त्यात वर आलेली मुलं ग्रामर स्कूलमध्ये जायची आणि तिथे त्यांना फ्रेंच मिळायचं. उरलेली बहुसंख्य मुलं परकी भाषेचं तोंडही न पाहता शाळा सोडायची. प्राथमिक शाळेत, निवडीची चाळणी लागण्याआधी, सगळ्यांनाच फ्रेंच द्यायचं हा विचार त्या मानाने मोठा होता. मला तो आजही मोठा वाटतो. युरोपशी जवळीक हवी, ही भावनाही मागे होतीच. जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनचा युरोपीय आर्थिक समुदायातला प्रवेश अडवला होता, त्यानंतर दोनच महिन्यांत ही घोषणा झाली.

तात्कालिक निमित्त मात्र लीड्स शहरातल्या एका छोट्या प्रयोगाचं होतं. १९६१ मध्ये नफील्ड फाउंडेशनच्या पैशातून तिथल्या एका प्राथमिक शाळेत मोठ्या वर्गातल्या मुलांना भरगच्च फ्रेंच शिकवलं गेलं. मुलं भराभर बोलू लागली, पाहणारे भारावून गेले, गाजावाजा झाला. त्या वर्गासमोर उभ्या असलेल्या बाई अस्खलित फ्रेंच बोलणाऱ्या होत्या आणि भाषा शिकवण्यात मुरलेल्या होत्या. निष्कर्ष निघाला तो मुलांबद्दल, की लहान मुलं भाषा पटकन उचलतात. ज्या अटीवर ती उचलली गेली, ती अट म्हणजे तसा शिक्षक, ती हिशेबातून निसटली. पुढची सगळी गुंतागुंत मला या एका निसटण्यात दिसते.

योजनेत भाग घ्यायला कितीतरी स्थानिक शिक्षण प्राधिकरणं पुढे आली, त्यांतले १३ भाग निवडले गेले. निवड न झालेल्या अनेकांनी नंतर आपापल्या बळावर फ्रेंच सुरू केलं. तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षण मिळालंच असेल याची खात्री देता येत नव्हती, पण ‘प्राथमिकमधलं फ्रेंच’ म्हणून लोकांच्या नजरेत सगळं एकच होतं.

तीन टप्प्यांचं प्रशिक्षण

सरकारने प्रशिक्षणाकडे दुर्लक्ष केलं, असं मुळीच म्हणता येणार नाही. उलट आपल्याकडच्या तीन-पाच दिवसांच्या कार्यशाळांची सवय झालेल्या माणसाला त्याची आखणी वाचून हेवा वाटेल. आधी शिक्षकाने आपल्या गावाजवळ, नोकरी सांभाळून, फ्रेंचची उजळणी करायची. बहुतेकांचं फ्रेंच शालेय परीक्षेपुरतं होतं आणि तेही गंजलेलं. मग तीन महिने थेट फ्रान्सला, पॅरिस किंवा बेझांसाँ इथे पूर्णवेळ भाषावर्ग. परत आल्यावर प्राथमिक वर्गात फ्रेंच कसं शिकवायचं, याचा एक छोटा अभ्यासक्रम.

वेळ कुठे गेला ते पाहा. सर्वांत मोठा वाटा शिक्षकाच्या स्वतःच्या भाषेला मिळाला आणि अध्यापनाला सर्वांत छोटा. यामागचं गृहीतक सरळ होतं : प्राथमिक शिक्षकाला शिकवता येतंच, त्याला कमी आहे ते फ्रेंच, ते दिलं की झालं. ऐकायला हे पटतं. पण आठ वर्षांच्या मुलाला गणित शिकवणं आणि ज्या भाषेत आपण स्वतः अडखळतो ती शिकवणं, यांत फार अंतर आहे. गणिताच्या तासाला शिक्षक मुलांच्या भाषेत विचार करतो, मूल कुठे अडलं ते बोलूनच समजून घेतो. इथे तर बोलणंच धड्याचा विषय होऊन बसतं.

शिवाय भाषा म्हणजे कोणती भाषा? तीन महिन्यांत शिक्षकाचा कान तयार झाला, उच्चार सुधारले, दुकानात आणि रस्त्यावर निभावता येऊ लागलं. वर्गात लागतं ते वेगळंच. सकाळी हजेरी घेताना ‘की ए आप्साँ ओझूर्दुई?’ (आज कोण आलं नाही?), मग खिडकी लावायला सांगायचं, दुधाच्या बाटल्या कोण वाटणार ते विचारायचं (त्या काळी इंग्लंडच्या शाळांत मुलांना फुकट दूध मिळायचं), एकाला गप्प करायचं, दुसरीला धीर द्यायचा, तिसऱ्याचं अर्धवट उत्तर उचलून पूर्ण वाक्यात परत द्यायचं. ही सारी वाक्यं साधी आहेत, पण ती विचार न करता तोंडातून यायला हवीत, कारण शिक्षकाचं लक्ष तेव्हा तीस-चाळीस मुलांवर असतं. साहित्यावर चर्चा करू शकणाऱ्या माणसालाही ‘रांगेत उभे राहा, ढकलू नका’ हे परक्या भाषेत चटकन सुचेलच असं नाही.

वर्गशिक्षकाची खरी ताकद इथेच होती. तो दिवसभर त्याच मुलांबरोबर असतो. तासाच्या बाहेर, हजेरीत, हवामानाच्या तक्त्यापाशी, कुणाच्या वाढदिवशी, जेवायला जाताना तो दोन-दोन मिनिटं फ्रेंच वापरू शकतो. तासापुरता येऊन जाणाऱ्या विषयतज्ज्ञाला हे कधीच जमणार नाही. रोज साधारण अर्धा तास फ्रेंचसाठी ठरवला होता. तो अर्धा तास संपल्यावर फ्रेंचची पेटी बंद झाली, तर वर्गशिक्षकाला तयार करण्यातला मुख्य फायदाच हातचा गेला. प्रशिक्षणात या तासाबाहेरच्या भाषेला मध्यवर्ती जागा मिळायला हवी होती.

आणखी एक गोष्ट साध्या हिशेबानेच कळते. तीन महिने परदेशी कोण जाऊ शकतो? ज्याच्या घरी लहान मूल नाही, आजारी माणूस नाही, असा. म्हणजे तरुण, अविवाहित शिक्षक. आणि शाळा सोडून जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त कोणाची, तर त्यांचीच.

टेपच्या वेगाने चालणारा वर्ग

शिक्षकाची भाषा कच्ची राहील हे योजनाकारांना ठाऊक होतं. त्यावर त्यांनी उपाय योजला तो साहित्याचा. नफील्ड फाउंडेशनने लीड्सला गट बसवून ‘आँ नाव्हाँ’ हा खास प्राथमिकसाठीचा पाठ्यक्रम तयार करून घेतला. फ्रान्समध्ये तयार झालेला ‘बाँजूर लिन’ही काही शाळांत वापरात होता. काळ दृक्-श्राव्य पद्धतीच्या भराचा होता. आधी ऐकायचं आणि बोलायचं, वाचन-लेखन बरंच नंतर. पडद्यावर किंवा फलकावर चित्र, टेपवर अस्सल फ्रेंच आवाजातलं वाक्य, मग सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं, मग एकेकाने.

टेपमुळे मुलांच्या कानावर चुकीचे उच्चार पडायचे टळले, हा फायदा खरा होता. पण मूल्यमापनात मुलांकडून जे आलं ते शिक्षक-प्रशिक्षकांनी नीट वाचावं असं आहे. टेप फार भरभर पुढे जाते, काय चाललंय कळत नाही, अशी तक्रार अनेक मुलांनी केली. अर्थ न कळता वाक्य म्हणत राहायचं त्यांना आवडत नव्हतं. शब्द लिहिलेला दिसत नाही म्हणून अस्वस्थ वाटायचं.

इंग्रजीच्या किंवा गणिताच्या तासाला हेच घडलं असतं तर कुठल्याही बऱ्या प्राथमिक शिक्षकाने काय केलं असतं? थांबला असता. मुलांचे चेहरे पाहून मागे गेला असता, हातात वस्तू घेऊन दाखवली असती, फळ्यावर लिहिलं असतं. हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. समजा, खिडकीतल्या बरणीत बेडकाची पिल्लं वाढताहेत आणि मध्येच एक मुलगी विचारते, ‘मिस, यांना फ्रेंचमध्ये काय म्हणतात?’ भाषेवर पकड असलेली शिक्षिका धडा बाजूला ठेवून बरणीपाशी जाईल. किती पिल्लं आहेत, कोणतं मोठं, पाय कुणाला फुटले, शेपूट कुणाची आखूड झाली, असं बोलत सगळा वर्ग तिथे गोळा करील. ज्या शिक्षिकेकडे टेपवरच्या वाक्यांपलीकडे फारसं काही नाही, ती ‘नंतर पाहू’ म्हणून पुढचं चित्र लावील. ती वाईट शिक्षिका असते म्हणून हे घडत नाही. तिच्या हाताशी तेवढंच दिलेलं असतं, आणि चूक भाषा बोलण्यापेक्षा टेप बरी, हे तिला प्रशिक्षणातच अप्रत्यक्षपणे शिकवलं गेलेलं असतं.

शिक्षकाच्या उणिवेवर साहित्याचा उतारा देताना दर वेळी हा धोका असतो. साहित्य जितकं बंदिस्त, तितका शिक्षकाचा हात आखडतो. साठच्या दशकात इंग्लंडच्या प्राथमिक शाळा मुलाच्या कुतूहलाभोवती दिवस बांधण्याकडे वळत होत्या. १९६७ मधला प्लाउडन समितीचा अहवाल त्याच वळणाचा. त्या दिवसात फ्रेंचचा अर्धा तास एका सुरातल्या घोकणीचा असेल, तर तो उपराच वाटणार. शिक्षकालाही आणि मुलालाही.

१९७४चा कौल

मूल्यमापन राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेकडे होतं आणि त्याचं नेतृत्व क्लेअर बर्स्टॉल यांनी केलं. १९६८, १९७० आणि १९७४ असे तीन अहवाल आले. तीन तुकड्या, मिळून सुमारे १८,००० मुलं आणि दहा वर्षांचा पाठपुरावा. शालेय भाषाशिक्षणात इतक्या चिकाटीने केलेला अभ्यास आजही विरळा आहे आणि त्याबद्दल बर्स्टॉल यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

निकाल थोडक्यात असा : आठव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं तेराव्या वर्षी बोलण्यात आणि ऐकून समजण्यात पुढे होती, वाचन-लेखनात अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं वरचढ होती. सोळाव्या वर्षापर्यंत आधी सुरुवात करणाऱ्यांची आघाडी फक्त ऐकून समजण्यापुरती उरली. भाषेबद्दलची त्यांची ओढ थोडी अधिक होती, एवढंच. यावरून विस्ताराच्या विरोधात पारडं झुकलं. सरकारी आधार आटला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक शाळांतून फ्रेंच निघून गेलं.

या तुलनेवर लगेचच आक्षेप आले. मुख्य आक्षेप माध्यमिक शाळेबद्दलचा होता. अकराव्या वर्षी ही मुलं ज्या शाळेत गेली तिथे इतर प्राथमिक शाळांतून आलेली, फ्रेंच अजिबात न शिकलेली मुलंही होती. अनेक ठिकाणी सगळ्यांना एकाच वर्गात बसवून पहिल्या धड्यापासून सुरुवात केली गेली. तीन वर्षं बोललेल्या मुलाला पुन्हा ‘हे पेन आहे’ म्हणायला लावलं की त्याच्या पुढे असण्याचं काय होणार? त्यात १९६५च्या परिपत्रकानंतर माध्यमिक शाळांची रचनाच देशभर बदलत होती, ग्रामर स्कूल जाऊन सर्वसमावेशक शाळा येत होत्या. अशा गदारोळात पाच वर्षांनी घेतलेल्या चाचणीवरून प्राथमिक शिक्षकाच्या कामाचं माप काढणं मला न्याय्य वाटत नाही.

माध्यमिकचे भाषाशिक्षक या प्रशिक्षणात नव्हतेच. प्राथमिकमध्ये काय शिकवलं गेलं, कोणत्या पद्धतीने, मुलं काय घेऊन येणार आहेत, हे त्यांना कुणी बसवून सांगितलं नाही. त्यांच्यातल्या अनेकांना प्राथमिकमधलं फ्रेंच म्हणजे अर्धवट, उच्चार बिघडवून ठेवलेलं काम वाटायचं. शून्यापासून सुरू करणं त्यांना सोयीचंही होतं आणि योग्यही वाटत होतं.

दुसरी गळती प्राथमिक शाळेतच होती. फ्रान्सला जाऊन आलेली शिक्षिका लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, बाळंतपणासाठी घरी बसली, बढती मिळून दुसऱ्या शाळेत गेली, की त्या शाळेचं फ्रेंच तिच्याबरोबर गेलं. शाळेत दुसरं कुणी तयार केलेलं नव्हतं. नवा शिक्षक फ्रेंच येणारा असेलच, अशी सोय नेमणुकीत नव्हती. काही ठिकाणी तास बंद पडला, काही ठिकाणी तो कसाबसा ओढला गेला. पहिल्या फळीनंतर प्रशिक्षित शिक्षकांचा ओघ कायम कसा राहील याची व्यवस्था, म्हणजे अध्यापक विद्यालयांतून दर वर्षी फ्रेंचसह तयार होऊन बाहेर पडणारे प्राथमिक शिक्षक, गरजेच्या मानाने फार तोकडी होती. राष्ट्रीय योजनेचा भार असा एकेका शाळेत एकेका माणसावर टाकला गेला.

छोट्या शाळांचं कोडं

अहवालातला सगळ्यांत मोलाचा भाग माझ्या मते वयाच्या तुलनेत नाहीच. तो आहे छोट्या शाळांबद्दल.

कमी पटाच्या, बहुतांशी ग्रामीण प्राथमिक शाळांतली मुलं फ्रेंचमध्ये मोठ्या शाळांतल्या मुलांपेक्षा सातत्याने वरचढ ठरली. एरवी सगळं उलट असायला हवं होतं. साधनं कमी, एका वर्गात दोन-तीन इयत्ता, शहरापासून दूर. बर्स्टॉल यांनी याचं कारण वर्गाच्या वातावरणात शोधलं. अशा वर्गात मुलांना एकमेकांशी स्पर्धा करण्यापेक्षा सहकार्याची सवय असते, मोठी मुलं लहानांना सांभाळतात, शिक्षक आणि मूल एकमेकांना चांगलं ओळखतात. परक्या भाषेत तोंड उघडायला जी निर्धास्तता लागते ती तिथे आयती असते. चुकलं तर हसणारे चाळीस जण नसतात.

याच्याच जोडीला दुसरा निष्कर्ष ठेवावा. ज्या शाळांत मुख्याध्यापक आणि शिक्षक यांना ‘मागे पडणाऱ्या मुलांना फ्रेंच देऊन काय उपयोग’ असं वाटत होतं, त्याच शाळांत कमी गुण मिळवणारी मुलं एकवटलेली आढळली. शिक्षकाचं मत मुलाच्या कामगिरीत उतरत होतं. भाषेचं प्रशिक्षण तेच, टेप तीच, पुस्तक तेच. फरक होता तो शिक्षक मुलाकडे काय म्हणून पाहतो याचा आणि मुख्याध्यापक त्या तासाच्या पाठीशी उभा आहे की नाही याचा. मुख्याध्यापकांना तर तीन टप्प्यांच्या त्या प्रशिक्षणात जागाच नव्हती.

म्हणजे शिक्षकाची तयारी कशाकशाची असते, याचं उत्तर या अहवालाच्या पानांत होतं : वर्गातली निर्धास्तता, मुलांवरचा विश्वास, मुख्याध्यापकाची साथ, पुढच्या शाळेशी सांधा. पण सगळी चर्चा ‘आठ की अकरा’ या एका आकड्याभोवती फिरत राहिली.

स्कॉटलंड, आणि पुन्हा इंग्लंड

पंधरा वर्षांनी स्कॉटलंडने हा विषय पुन्हा हाती घेतला. १९८९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या प्रायोगिक प्रकल्पाची मांडणी उलट होती. माध्यमिक शाळेतला भाषाशिक्षक जवळच्या प्राथमिक शाळांत जायचा आणि वर्गशिक्षकाबरोबर मिळून शिकवायचा. सांध्याचा प्रश्न त्यामुळे पहिल्या दिवसापासून समोर होता. काम छान झालं, पण देशभरच्या प्राथमिक शाळांना पुरतील इतके माध्यमिकचे शिक्षक मोकळे करणं अशक्य होतं. म्हणून १९९३ पासून वर्गशिक्षकांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षण सुरू झालं, २७ दिवसांचं, टप्प्याटप्प्याने.

या २७ दिवसांचा आशय मला फार शहाणपणाचा वाटतो. शिक्षकाला संपूर्ण भाषा द्यायचा अट्टहास सोडून त्याच्या दिवसाला पुरेल तेवढी भाषा पक्की करायची : अंक, तारीख, हवा, घर, खेळ, सूचना, शाबासकी, गाणी, गोष्ट. मुलं शाळेत जे शिकतायत त्यातच भाषा मिसळायची, गणितात मोजताना, परिसर अभ्यासात हवामान टिपताना. दोन सत्रांच्या मध्ये शिक्षक वर्गात जाऊन करून पाहतो आणि पुढच्या सत्राला आपली अडचण घेऊन येतो, हा या आखणीचा मोठा फायदा. उणीवही उघड होती. एवढ्या मर्यादित भाषेवर मुलांना एक-दोन वर्षं नेता येतं, पुढे मुलं शिक्षकाच्या बरोबरीला येऊन ठेपतात. पुढे पैसा आटला तसे काही भागांत प्रशिक्षणाचे दिवसही कमी झाले.

इंग्लंडने २००२च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय भाषा धोरण आणलं आणि २०१० पर्यंत सात ते अकरा वयाच्या प्रत्येक मुलाला परकी भाषा शिकण्याची संधी देण्याचं आश्वासन दिलं. या वेळी जुनी चूक बरीच सुधारली होती. नोकरीतल्या शिक्षकांना परदेशी पाठवण्यावर विसंबण्याऐवजी शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमातच भाषेचा पर्याय घातला. भावी प्राथमिक शिक्षक चार आठवडे फ्रान्समधल्या, पुढे स्पेन, जर्मनी वगैरे देशांतल्या प्राथमिक शाळेत काम करायचे आणि तिकडचे इकडे यायचे. तीन महिन्यांच्या भाषावर्गापेक्षा हे चार आठवडे मला जास्त मोलाचे वाटतात, कारण तिथे आठ वर्षांच्या मुलांना त्यांचे शिक्षक काय, कोणत्या शब्दांत सांगतात ते दिवसभर कानावर पडतं. २००५ मध्ये वर्षनिहाय उद्दिष्टांचा आराखडा आला. स्थानिक प्राधिकरणांत भाषा-सल्लागार नेमले गेले, शेजारच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसू लागले.

मग निवडणूक आली आणि सरकार बदललं. भाषा सक्तीची करण्याची तरतूद २०१० मध्ये निवडणुकीच्या घाईत विधेयकातून गळाली, २०११ मध्ये विशेष निधी संपला, सल्लागारांची पदं गेली. आणि सप्टेंबर २०१४ मध्ये परकी भाषा प्राथमिकच्या वरच्या चार वर्गांना सक्तीची झाली. शिक्षकांना आधार देणारी यंत्रणा मोडल्यानंतर तीन वर्षांनी सक्ती आली. आज बहुतेक शाळांत आठवड्याला तासाभराहूनही कमी वेळ भाषेला मिळतो, आणि शिक्षकाची तयारी शाळेगणिक वेगळी.

जून २०००, महाराष्ट्र

महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. मूळ प्रेरणा बॉइल यांच्या योजनेसारखीच होती, मूठभरांकडे असलेली भाषा सगळ्यांच्या पोरांना मिळावी. शिकवणारेही तसेच होते, डी.एड. झालेले वर्गशिक्षक, ज्यांच्या स्वतःच्या शिक्षणात इंग्रजी पाचवीपासून आलं होतं. फरक प्रशिक्षणाचा. तिकडे महिन्यांत मोजलेलं इकडे दिवसांत मोजलं गेलं आणि तेही राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला असं पायरीपायरीने खाली. प्रत्येक पायरीवर त्यातलं करून दाखवण्याचं काम कमी होत गेलं आणि वाचून दाखवण्याचं वाढत गेलं. पुढे ‘तेजस’सारख्या उपक्रमात शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटून एकमेकांचे धडे तपासू लागले, ती दिशा मला बरोबर वाटते. शिक्षकाची भाषा वापरात राहिली तरच टिकते.

आपल्याकडे द्विशिक्षकी शाळा हजारोंनी आहेत आणि कमी पट म्हणजे अडचण असंच त्यांच्याबद्दल बोललं जातं. बर्स्टॉल यांचा छोट्या शाळांचा निष्कर्ष आपल्या गटसाधन केंद्रांत वाचला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. भाषेच्या तासाला बारा-पंधरा मुलांचा, दोन इयत्ता एकत्र बसलेला वर्ग ही अनुकूल परिस्थिती आहे. मात्र तिथल्या शिक्षकाला तसं प्रशिक्षण द्यायला हवं. चौथीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला इंग्रजीत खेळ कसा शिकवावा, हे कार्यशाळेत करून पाहायला हवं.

बदल्यांचं गणित तर थेट १९६४ची आठवण करून देणारं आहे. शाळेतून एकच शिक्षक बोलावला, तो तयार झाला, आणि पुढच्या बदल्यांत दुसऱ्या तालुक्यात गेला. द्विशिक्षकी शाळेतले दोघेही एकाच सत्राला आले पाहिजेत. त्या दिवसांपुरती शाळा सांभाळायला शेजारच्या शाळेतून माणूस द्यावा लागेल. अवघड आहे, पण केंद्रप्रमुखाने ठरवलं तर महिन्यातून एक दिवस जमतं.

राहिला सांधा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी झालेलं मूल पुष्कळ ठिकाणी पाचवीला संस्थेच्या हायस्कूलमध्ये जातं आणि तिथे इंग्रजीचे सर पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू करतात. त्या सरांना चौथीच्या वर्गशिक्षकाबरोबर एकाच प्रशिक्षणात बसवणं हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो होत नाही कारण जिल्हा परिषदेची शाळा एका शिक्षणाधिकाऱ्याच्या अखत्यारीत येते आणि हायस्कूल दुसऱ्याच्या. प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन्ही कार्यालयांच्या सहीचं एकच पत्र तालुक्याला गेलं, तर पुढच्या जूनपासून हे सुरू करता येईल.